खिडकीतली काठी

स्वस्थ बसता न येणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण स्वस्थ न बसण्याचा पगार घेऊन अर्धं जग फिरून आलेला माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो माझा धाकटा दीर आहे. परवा तुमच्यापैकी एकीने टोरांटोहून फोन केला. "आजी, आमचे एक सर जुन्या जॅझच्या रेकॉर्डी जमवतात. त्यातल्या एका कव्हरवर मागे ड्रमवर बसलेला माणूस अगदी आपल्या ड्रमआजोबांसारखा दिसतो. ते असतील का गं?" असतील कसले, तेच आहेत. कव्हरवर त्याचं अर्धं तोंड झांजेमागे गेलेलं आहे, पण ते कान आपल्याच घराण्याचे आहेत, ते मी कुठेही ओळखीन. पुढे काही सांगणार तेवढ्यात फोन तुटला, आणि खरं म्हणजे हे फोनवर सांगण्यासारखं नाहीच. तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा वटार गावच्या आपल्या ओट्यावर अर्ध्या चड्डीत बसून बिस्किटांचा डबा बडवणारा एक म्हातारा तुम्ही पाहिला, त्याच्याकडून चॉकलेटं उकळलीत आणि परत गेलात. त्याची नीट ओळख करून द्यायची राहून गेली होती. ती आता करून देते.

त्याला कुठलीही वस्तू वस्तू वाटत नाही, तिथून सुरुवात करायला हवी. माझ्या स्वयंपाकघरात डबे कसे लावलेले असतात ते तुम्हाला माहीत आहे. मोठ्यापासून लहानापर्यंत, प्रत्येकावर नाव, आणि नावं सगळी समोर. हा माणूस पाणी प्यायला म्हणून आत येतो आणि बाहेर जातो तोवर डबे आवाजाप्रमाणे लागलेले असतात. पोह्यांशेजारी मेणबत्त्या, मेणबत्त्यांशेजारी हरभऱ्याची डाळ. एकदा तो दारातूनच म्हणाला, "वहिनी, साखर भर गं."

"का? चहात कमी पडली?"

"चहात नाही. डब्यात. तो रिकामा होत आला की आवाज चढतो त्याचा. मग तो रव्याच्या डब्याशी भांडतो."

मी उघडून पाहिलं, साखर खरंच तळाला गेली होती. तेव्हापासून आमच्या वाण्याला घरात काय संपलं ते मी बघून सांगते आणि तो ऐकून सांगतो. त्याचं निम्म्या वेळा चुकतं आणि घरात दोन दोन किलो रवा येऊन पडतो, ही गोष्ट वेगळी.

त्याचे बूटही सांगायला हवेत. वरती विटका सदरा, खाली अर्धी चड्डी, आणि पायात काळे, चकचकीत पॉलिश केलेले, पातळ तळव्यांचे बूट. ड्रमरच्या पायाला खालचं पेडल कळलं पाहिजे, जाड तळव्यात पाय बहिरा होतो, असं त्याचं म्हणणं. मग पेडल नसलं तरी तो त्याच बुटांत केळीच्या बागेत जातो, चिखलात रुततो आणि दर आठवड्याला बुटांवर तासभर पॉलिश घासतो. घासतानाही ब्रश सरळ चालत नाही. दोनदा लांब, एकदा तोकडा, मग जरा थांबून पुन्हा एकदा. ऐकता ऐकता मीही त्याच लयीत कांदा चिरायला लागते आणि मग माझा मलाच राग येतो.

अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणारी बाई तर त्याला पाहिलं की टोपली डोक्यावरून खाली ठेवायलाच तयार नसते. खाली ठेवली की याची बोटं कडेवर चालू.

"ए बाबा, टोपलीवर काय वाजवतं? आतलं पानी उडतं ना माज्या लुगड्यावर!"

"बाय, तुझी टोपली काय गोड बोलते गं."

"टोपली बोलते गोड, मी नाय बोलत. पापलेट घेतं का हात आवरतं?"

तो पापलेट घेतो. ती सांगेल त्या भावाला घेतो, कारण वाजवून झाल्यावर घासाघीस करायला त्याला लाज वाटते. माझा सगळा महिन्याचा हिशेब त्या टोपलीने बिघडवला आहे.

आता हा माणूस मुळात ड्रमकडे गेला कसा, ते सांगते. आपल्या गावच्या चर्चचा बँड होता, अजून आहे. लग्न असो, सण असो, मयत असो, बँड हवाच. तुमचे आजोबा त्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. तो ढोल पोटावर बांधून ते चालायला लागले की अख्खी मिरवणूक त्यांच्या ठोक्यावर पाय टाकायची. एक ठोका आणि पुढचा ठोका यांत कधी केसाएवढाही फरक पडला नाही. वाडीत केळी लावतानाही ते दोरी धरून लावायचे, तसाच त्यांचा ढोल. शेजारी छोटा ड्रम घेऊन चालायचा त्यांचा धाकटा भाऊ. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, हडकुळा, आणि शेजारच्यांच्या रेडिओला कान लावून कुठल्या कुठल्या परदेशी स्टेशनांवरचं खरखरीत संगीत ऐकत बसायचा. घरात कुणाला ते आवडत नसे. सासूबाई म्हणायच्या, हे गाणं आहे की भांडी पडली?

त्याच वर्षीच्या सणाला ते झालं. सणाच्या दिवशी आपल्या गावच्या संतांचा पुतळा चौघांच्या खांद्यावरून मिरवत नेतात हे तुम्ही पाहिलंच आहे. बँड मिरवणुकीचं कूच वाजवत होता. चौघे वाहणारे, सगळे बागायतदार, धिमे, गंभीर पाय टाकत होते. मी नवी नवरी म्हणून पुढच्या रांगेत होते, त्यामुळे मला सगळं दिसलं. वाटेवरच्या क्रुसापाशी वळताना या पठ्ठ्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने ड्रम जरासा मागे ओढला. म्हणजे ठोका चुकवला नाही, पण तो पडायचा तिथे न पाडता किंचित उशिरा पाडला. मग पुढचाही. मग मध्येच दोन बारीक जास्तीचे. आधी मला काही कळलं नाही. मग पाहते तर वाहणाऱ्यांच्या कमरा हलायला लागल्या होत्या. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता, पायच तसे पडत होते. चौघे डावी-उजवीकडे झुलत होते आणि वर संत महाराज झुलत होते. बायका हसू दाबत होत्या. आणि संतांच्या डोक्यामागची तेजाची पितळी चकती सैल होऊन अलगद पुढे आली आणि त्यांच्या एका डोळ्यावर कलली. फादरांनी हात वर केला. मिरवणूक थांबली.

तुमच्या आजोबांनी ढोल खाली ठेवला नाही. ढोलासकट वळले, भावाच्या हातातल्या दोन्ही काठ्या काढून घेतल्या, आपल्या खिशात घातल्या आणि म्हणाले, "देवाच्या कामात मस्करी नाही." चकती सरळ केली गेली आणि एकट्या मोठ्या ढोलावर मिरवणूक पुढे निघाली. तो सबंध वाट गळ्यात ड्रम आणि रिकामे हात घेऊन चालला. रडला नाही. चर्चपर्यंत आला, ड्रम जागेवर ठेवला, मिस्सेची प्रार्थना ऐकली आणि त्याच आठवड्यात मुंबईला गेला.

काठ्यांचं म्हणाल तर तुमचे आजोबा वस्तू वाया घालवणारे नाहीत. एक काठी त्यांनी मिरचीच्या रोपाला आधार म्हणून खोचली, ती वाळवीने खाल्ली. दुसरी पुढच्या खोलीच्या खिडकीला टेकण म्हणून लावली, कारण ती खिडकी वाऱ्याने आपटायची. ती तिथेच राहिली. माझ्या संसारातले पडदे बदलले, रंग बदलले, गज बदलले, पण काठी तीच. तुम्हीही ती पाहिली आहे, फक्त ती काय आहे ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं. नाताळात घरी आला की तो खोलीत शिरताना त्या काठीवर एका बोटाने टिचकी मारायचा आणि आत यायचा. भावाने ते पाहिलं नाही असं एकदाही झालं नसेल. पण बोलायचं कुणी? दोघेही आपल्याच घराण्याचे.

मुंबईत तो धोबीतलावच्या एका खोलीत गोव्याच्या वादकांबरोबर राहिला. पहिली काही वर्षं लोकांचे ड्रम टॅक्सीत चढवायचे आणि उतरवायचे, एवढंच काम. पुढे चर्चगेटच्या एका हॉटेलातल्या बँडला ड्रमर हवा होता आणि आलेले सगळे इतके जोरात वाजवायचे की मॅनेजर म्हणायचा, गिऱ्हाइकांना आपल्या चमच्यांचा आवाजही ऐकू येत नाही. याने काठ्यांऐवजी तारेचे ब्रश घेतले आणि असं काही हळू वाजवलं की मॅनेजरला वाटलं अजून सुरूच झालं नाही. बँडचा म्होरक्या एक वयस्क सॅक्सोफोनवाला होता. त्याने विचारलं, "इतकं हळू वाजवायला शिकलास कुठे?"

"आई दुपारी झोपायची," हा म्हणाला. "मी उशीवर वाजवायचो."

नोकरी मिळाली. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, म्हणजे माझ्या झोपेचा काहीतरी उपयोग झाला.

मग तो वाढतच गेला. परदेशातून मोठे मोठे वादक मुंबईला यायचे, त्यांना साथ करायला याला बोलावायचे. त्यातल्याच एका अमेरिकन ट्रम्पेटवाल्याने त्याला युरोपच्या दौऱ्यावर नेलं आणि मग हा दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या देशात असायचा. जाताना माझ्याकडून सुकेळी घेऊन जायचा. आपल्या वसईच्या केळ्यांची सुकेळी खाऊन किती जॅझवाले तृप्त झाले आहेत याची गणती नाही. ती गोष्ट जॅझच्या इतिहासात कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहून ठेवते. मुंबईत असला की सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचा. घोड्यांच्या टापा लागल्या की याच्या पिशवीतून करवंट्या निघायच्या, त्याही आपल्या वाडीतल्या नारळांच्या. त्यामुळे हिंदी सिनेमात जितके डाकू घोड्यावरून पळाले, त्यातले पुष्कळसे वटारच्या नारळांवरून पळाले आहेत. लग्न त्याने केलं नाही. संध्याकाळी कामावर जाणाऱ्या माणसाला मुलगी कोण देणार, असं सासूबाई म्हणायच्या. देत होते, मीच घेतली नाही, असं तो म्हणायचा. दोघांपैकी खरं कोण ते मी कधी तपासलं नाही.

त्याचे फोटो पेपरात यायचे. वाडीला पाणी सोडून आले की तुमचे आजोबा चष्मा लावून ती बातमी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचे, घडी घालायचे आणि म्हणायचे, "पाठीला बाक येतोय त्याच्या." बास. त्याला ऐकायला मात्र ते एकदाही गेले नाहीत. कधी केळीचे घड उतरवायचे असायचे, कधी गाईचं पोट बिघडलेलं असायचं. मी दोनदा गेले. पहिल्यांदा मला काही समजलं नाही. दुसऱ्यांदाही समजलं नाही, पण घरी येताना पाय हलके वाटले, ते मी कुणाला सांगितलं नाही.

पुढे ती हॉटेलं बदलली, बँडच्या जागी यंत्रं आली, आणि एक दिवस हा चार झांजा आणि पाच ड्रम घेऊन टेम्पोतून घरी आला. घरात जागा नव्हती. तुमच्या आजोबांनी ठरवलं की सामान भाच्याच्या कामणच्या गोदामात राहील. तिथे ते टायरांच्या ढिगांमध्ये जाऊन पडलं. मग हा दर रविवारी मिस्सा झाली की बस पकडून कामणला जायचा, इस्पितळात आजारी माणसाला भेटायला जावं तसा. धूळ पुसायचा, दोन शब्द बोलायचा आणि यायचा. आल्यावर विचारलं, कसे आहेत, तर म्हणायचा, "ओलीला कंटाळलेत." शेवटी मीच माझं शिवणाचं मशीन पडवीतून हलवलं आणि ड्रमना घरी आणलं.

गावात रुळायला त्याला वेळ लागला, आणि गावाला त्याच्याशी रुळायला जास्त. हॉटेलात एखाद्याने सुरेख वाजवलं की बाकीचे वादक ओरडून दाद देतात. ती सवय घेऊन हा रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला लागला. तेव्हाचे फादर फार चांगले बोलायचे, विशेषतः मध्ये थांबायचे फार छान. एकदा बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर बोलता बोलता बाप परत येणाऱ्या मुलाला दुरून पाहतो तिथे ते थांबले. सगळं चर्च गप्प. आणि मागून आवाज आला, "वाजव, फादर, वाजव!"

मी मान वर केली नाही. फादर मात्र भले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "पुढच्या रविवारी जरा हळू दाद द्या." हा प्रामाणिकपणे म्हणाला, "पुढच्या रविवारी तसं बोललात तर."

आणि तो पंप! वाडीतला पाण्याचा पंप मध्यंतरी बिघडला होता आणि तीन ठोके देऊन चौथा गिळायचा. हा रोज तिथे खुर्ची टाकून बसायचा आणि करवंट्यांवर त्याला साथ करायचा. तुमच्या आजोबांनी मिस्त्री बोलावून पंप नीट करून घेतला. हा दोन दिवस जेवला नाही धड. "बिघडलेला असताना काय वाजायचा!" म्हणाला. आजोबा म्हणाले, "पंप पाण्यासाठी असतो." तो म्हणाला, "तुला तेवढंच ऐकू येतं." दोघे बोलतात ती आपली घरची बोली, तुम्हाला कळावं म्हणून मी सरळ मराठीत लिहिते आहे, पण बोलीत ते याहून जास्त टोचलं.

एक गोष्ट मात्र त्याने केली नाही. गावच्या बँडमध्ये तो वाजवायला गेला नाही. आताचा बँडमास्तर तरुण आहे, दर वर्षी सणाआधी यायचा, आजोबांसमोरच विनवायचा, "काका, आमच्यात तुम्ही एकदा वाजवलंत तर आमचा जन्म सफळ होईल." हा हसून त्याला चहा पाजायचा आणि म्हणायचा, "मला थांबवलं एकाने. बोलवायचं तर त्यानेच." आजोबा पेपर उलटायचे. सणाच्या दिवशी सगळे मिरवणुकीला जायचे आणि हा ओट्यावर बसून बिस्किटांच्या डब्यावर बोटं ठेवायचा. वाजवायचा नाही, नुसती ठेवायचा. जगातल्या किती मंचांवर बसून आलेला माणूस, त्याला फक्त क्रुसापासून चर्चपर्यंतची वाट हवी होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि ज्याने बोलवायचं त्यालाही.

मग आजोबांना पार्किन्सन झाला. ते तुम्हाला माहीत आहे, पण फोनवर आम्ही थोडं कमी करून सांगत होतो. त्यांचे पाय जमिनीला चिकटायला लागले. खोलीत चालायचे, पण उंबरठा आला की खिळल्यासारखे उभे राहायचे. मनात चालायचं असायचं आणि पाय हुकूम घ्यायचे नाहीत. ज्या माणसाच्या पायावर सगळं गाव चाललं, त्याला आपल्या घराचा उंबरठा ओलांडता येईना. ढोल तर त्यांनी आधीच सोडला होता. आता सणाच्या दिवशी निदान क्रुसापासून चर्चपर्यंत चालत जायचं, एवढंच त्यांनी एकदा बोलून दाखवलं, आणि ते कधी काही मागत नाहीत म्हणून मला ते जास्त लागलं.

चंदनसारहून स्कूटरवर एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची, मोठी गोड आणि तितकीच कडक. तिने सांगितलं, "आजोबा, ताल असला ना, की पाय सुटतात. मी मोबाइलवर टिकटिक लावते, तिच्यावर चालायचं." टिकटिक लागली. आजोबा तीन पावलं गेले आणि उंबरठ्यावर अडकले. पुन्हा लावली, पुन्हा अडकले. ओट्यावरून धाकटा भाऊ हे बघत होता. त्याला ती टिकटिकच सोसत नव्हती.

"पोरी, ते बंद कर," तो म्हणाला. "माणूस असा चालतो का? असं घड्याळ चालतं."

"मग तुम्ही वाजवा ना काका. मला काय, ताल पाहिजे."

त्याने डबा मांडीवर घेतला आणि अगदी सरळ कूच धरलं, भावाला आवडायचं तसं. त्याला इतकं सरळ वाजवताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आजोबा बरे निघाले, पण उंबरठ्याशी आले आणि थांबले. कपाळावर घाम आला. मुलगी म्हणाली, उद्या बघू. पण हा डबा सोडेना. खाली वाकून भावाच्या पायांकडे बघत होता.

"दादा, तुझा उजवा पाय उशिरा येतो."

"मला माहीत आहे," आजोबा चिडून म्हणाले.

"मग त्याला घाई कशाला करतोस? येऊ दे उशिरा. मी थांबतो त्याच्यासाठी."

आणि त्याने ठोका मागे ओढला. अगदी जरासा. डावा पाय पडला, ठोका थांबला, उजव्याची वाट पाहिली, उजवा आला, त्याच्या खाली ठोका पडला. जणू आधीपासून तिथेच पडायचा होता. आजोबा उंबरठा ओलांडून ओट्यावर आले. मुलीने टाळ्या वाजवल्या. मी माझं लक्ष कुंड्यांकडे वळवलं. आजोबा खांबाला धरून उभे राहिले, भावाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे तेच आहे ना? तेव्हाचं?"

"तेच."

"हं."

त्या दिवसानंतर सणापर्यंत रोज सकाळी हेच. आधी ओटा, मग अंगण, मग विहीर. शेजारच्या बायका बघायला यायच्या. एक म्हणाली, "काकी, तुमचे हे या वयात नाचायला शिकतायत काय?" मी म्हटलं, "शिकू देत, मला लग्नात नाचवलं नव्हतं."

सणाची सकाळ आली. आजोबांनी पांढरा सदरा घातला, काठी घेतली, म्हणजे चालायची काठी. धाकटा भाऊ नेहमीसारखा ओट्यावर डबा घेऊन बसला होता. भावाला क्रुसापर्यंत पोहोचवायचं आणि परत यायचं, असं त्याने मला सांगून ठेवलं होतं. पुढे बँड होता, बँडच्या ठोक्यावर दादा कसा चालणार, या काळजीत तो पहाटेपासून होता, पण स्वतःहून जायचं त्याच्या तोंडातून निघेना.

आजोबा दाराकडे न जाता खिडकीकडे गेले. मला वाटलं वारा लागतोय, खिडकी लावायची असेल. त्यांनी खिडकीचं टेकण ओढून काढलं. खिडकी धाडकन आपटली. ती काठी त्यांनी आपल्या सदऱ्याच्या बाहीला पुसली, ओट्यावर आले आणि भावापुढे धरली.

"धर. चल."

"एकच?" तो म्हणाला.

"दुसरी वाळवीने खाल्ली."

दुसरी त्याने आपल्या झोळीतून घेतली. एक काठी माझ्या संसाराइतकी जुनी, उन्हाने काळी आणि हलकी झालेली, दुसरी नवी आणि जड. त्या दोघींचा आवाज सारखा येणं शक्यच नव्हतं. क्रुसापाशी बँडमास्तरने त्याला पाहिलं आणि काही न विचारता बँडमधल्या एका पोराच्या गळ्यातला ड्रम काढून याच्या गळ्यात घातला. हा बँडच्या शेवटच्या रांगेत उभा राहिला, त्याच्यामागे आजोबा, आजोबांच्या बाजूला मी.

मिरवणूक निघाली. पहिली काही पावलं त्याने सरळ वाजवलं, मला वाटतं संकोचाने. मग मागे न बघता त्याला कळलं की उजवा पाय मागे राहतोय, आणि त्याने ठोका मागे ओढला. पुढची पोरं तयारीची, त्यांनी लगेच ओळखलं. कॉर्नेट फुंकणारा मागे वळून हसला. सगळा बँड एका म्हाताऱ्याच्या उजव्या पायासाठी थांबत थांबत वाजायला लागला. आणि पुढे पुतळा वाहणारे चौघे, तेव्हाच्या वाहणाऱ्यांचीच नातवंडं, झुलायला लागले. डावीकडे, उजवीकडे. मी घाबरून वर पाहिलं. काही झालं नाही. संतांची चकती त्या वेळेनंतर वेल्डिंग करून पक्की केलेली आहे. आताचे फादर तरुण आहेत, त्यांनी हात वर केला नाही, पण त्यांच्या झग्याखालून बुटाचं टोक हलताना मी स्वतः पाहिलं.

आजोबा चर्चपर्यंत पोहोचले. बाहेरच्या बाकावर दोघे भाऊ टेकले, एकाच्या गळ्यात अजून ड्रम. बराच वेळ दोघे धापा टाकत होते. मग आजोबा म्हणाले, "तेव्हाही असंच वाजवलं होतंस का?"

"छे. तेव्हा येत कुठे होतं? नुसताच उशीर करत होतो." मग म्हणाला, "काठ्या घेतल्यास ते बरंच केलंस."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

आत घंटा झाली आणि दोघांना उठवून आत न्यायला मला दोन्ही हात लागले.

तर तुमच्या सरांना सांगा की कव्हरवरचा माणूस आमचा आहे, तो अजून वाजवतो, पण आता त्याला ऐकायचं असेल तर सकाळी आमच्या अंगणात यावं लागेल. आजोबांचे पाय रोज सारखे नसतात. काही दिवस विहिरीपर्यंत जातात, काही दिवस ओट्याच्या पायरीवरच बसून राहतात. तसा दिवस असला की धाकटा शेजारी बसतो आणि चालण्याचं न वाजवता बसण्याचं काहीतरी वाजवतो. आजोबांचा हात मांडीवर कापत असतो. पूर्वी ते तो हात दुसऱ्या हाताने दाबून धरायचे. आता तसाच राहू देतात आणि धाकटा त्या कापण्यालाही साथ करतो.

खिडकीचं तेवढं राहिलं आहे. टेकण गेल्यापासून ती दिवसभर आपटते. वारा आला की एकदा मोठ्याने, मग लगेच हळू, मग बराच वेळ काही नाही, आणि आपण विसरलो की पुन्हा. माझ्या कामात व्यत्यय येतो. काल मी सुतार बोलावते म्हटलं. धाकटा काही बोलायच्या आत आजोबाच म्हणाले, "राहू दे गं. बरी वाजते."

तुम्ही याल तेव्हा ती लावून घेऊ नका.